एकाच माळेतले बेडूकमासे वेगळे का वागतात? गावच्या शाळेत करता येईल असा प्रयोग, पायरीपायरीने

मृगाचा पहिला दणक्याचा पाऊस झाला की भंडारा-गोंदियाकडच्या बोड्या (लहान तळी), धानाच्या बांध्या आणि रस्त्याकडेचे खड्डे एका रात्रीत भरतात. आठवड्याभरात काठाच्या पाण्यात काळे बेडूकमासे वळवळायला लागतात. दिसायला सगळे सारखे, पण जरा वेळ उभं राहून पाहिलं की फरक कळतो. पाण्यावर काठी आपटली तर काही तळाशी दडून बसतात, काही क्षणभर थबकून लगेच पुन्हा चरायला लागतात. आज दडून बसलेला उद्याही दडूनच बसेल का? आणि तो जन्मतःच तसा आहे, की अंड्यातून बाहेर आल्यावर किती भावंडांच्या गर्दीत आणि किती खाण्यावर वाढला, यावरून तसा झाला?

या प्रश्नांवर जगभर गंभीर संशोधन चालू आहे, आणि ते करायला महागडी प्रयोगशाळा लागतेच असं नाही. प्लॅस्टिकचे टब, उकडलेला पालक, एक मोबाईल आणि महिनाभर न चुकता वही लिहिणारी मुलं एवढ्यावर हा प्रयोग सातवी-आठवीच्या वर्गात नीट होतो. विदर्भातल्या शाळा उन्हाळी सुट्टीनंतर जूनच्या अखेरीस उघडतात, म्हणजे वेळही बरोबर जुळते.

आधी थोडं शास्त्र

गर्दीचा परिणाम वाढीवर होतो हे जुनं ज्ञान आहे. विल्बर आणि कॉलिन्स या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७३ साली मांडलं की बेडूकमासा कधी रूपांतर करणार हे त्याचा आकार आणि वाढीचा वेग मिळून ठरवतात. ठरावीक किमान आकार गाठल्याशिवाय तो बेडूक होऊ शकत नाही. त्यानंतर पाण्यात वाढ चांगली चालू असेल तर तो थांबतो, मंदावली तर लवकर बाहेर पडतो. गर्दीत खाणं कमी मिळतं, वाढ रखडते आणि मोठ्या-लहानांतली तफावत रुंदावत जाते, कारण जो आधी मोठा झाला तोच जास्त खातो.

शरीराच्या आतही बदल होतो. अमेरिकेतल्या लेपर्ड फ्रॉगच्या पिल्लांवर ग्लेनमायर आणि डेन्व्हर यांनी २००२ साली केलेल्या कामात दिसलं की गर्दीत वाढणाऱ्यांच्या शरीरात कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक वाढतं आणि वाढ खुंटण्यामागे त्याचा हात असतो. रेलिया या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या प्रयोगांत, स्पर्धेत वाढलेली पिल्लं जास्त हालचाल करणारी, लांबट शरीराची आणि तुलनेने लहान शेपटीची झाली. शिकाऱ्याच्या धाकात वाढलेल्यांचं उलट झालं: हालचाल कमी, शेपटी रुंद.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हंगेरीतल्या संशोधकांचा २०१५ सालचा निकाल. त्यांनी रूपांतराआधीचे बेडूकमासे काही एकटे, काही सोबतीत, काहींना शिकाऱ्याचा वास देऊन, काहींना न देता वाढवले. जे एकटे आणि शिकाऱ्याच्या वासाशिवाय वाढले, त्यांच्या वागण्यात सातत्यच सापडलं नाही. आज चपळ असलेला उद्या मंद, परवा पुन्हा काहीतरी तिसरं. शिकाऱ्याचा वास मिळालेल्यांत मात्र प्रत्येकाचा स्वतःचा असा स्वभाव तयार झाला होता. सोबत आणि शिकारी दोन्ही अनुभवलेल्यांत त्यापुढची गोष्ट दिसली: जो चपळ तोच धीट, असं दोन गुणांचं नातं जुळून आलं. म्हणजे स्वभाव नुसता अंड्यातून येत नाही, लहानपणीच्या अनुभवातूनही घडतो.

हा लेख त्यातल्या एकाच धाग्याबद्दल आहे: गर्दी. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करून घ्या, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्यावर उभी आहे. गर्दीतली पिल्लं सरासरीने जास्त हलतात की कमी, हा झाला सोपा प्रश्न. स्वभाव पाहायचा तर प्रत्येक पिल्लाची तुलना आधी त्याच्या स्वतःशीच करावी लागते: कालचा तो आणि आजचा तो.

कोणता बेडूक घ्यायचा

आपल्याकडे याला सर्वांत योग्य प्राणी म्हणजे भेक, शास्त्रीय नाव डटाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस. पावसाळ्यात ओट्यावर दिव्याखाली किडे टिपायला येणारा, खरखरीत, फोडाफोडांच्या कातडीचा. तो सगळीकडे मुबलक आहे, एक मादी हजारो अंडी घालते आणि ती ओळखायला सोपी असतात. चिकट पारदर्शक नळीत काळे दाणे ओवलेले, गवताला गुंडाळलेली, लांबच्या लांब काळी पोतच जणू. इतर बेडकांची अंडी अशी नसतात. बारीक मायक्रोहायला बेडकांची अंडी पाण्यावर पातळ तवंगासारखी पसरतात, झाडावरच्या बेडकाची पांढऱ्या फेसाच्या गोळ्यात असतात, बाकीच्यांची सुटी किंवा पुंजक्यात.

पहिल्या पावसात पिवळेधमक होऊन डरकाळ्या फोडणाऱ्या मोठ्या बेडकाची पिल्लं अजिबात घेऊ नका. ती मांसाहारी असतात, दुसऱ्या बेडूकमाशांना खातात, प्रसंगी आपल्याच भावंडांनाही. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या बेडकाला संरक्षण आहे. एकेकाळी बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठवण्यासाठी त्यांची अफाट धरपकड होत असे. ती निर्यात सरकारने १९८७ साली बंद केली. भेकाच्या बाबतीतही शाळेने वन परिक्षेत्र अधिकाऱ्यांना आधी विचारून, शक्य तर लेखी परवानगी घेऊनच सुरुवात करावी. ताडोबा, नवेगाव-नागझिरा, पेंच, मेळघाट किंवा कोणत्याही राखीव जंगलातून काहीही उचलायचं नाही.

भेकाच्या पिल्लांचा आणखी एक गुण या प्रयोगाला फार उपयोगी आहे. ती निसर्गातच थव्याने राहतात. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात सैदापूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं आहे की या जातीचे बेडूकमासे सख्खी भावंडं आणि परके यांत फरक ओळखतात. त्यामुळे दाटीवाटीत राहणं त्यांना नवीन नाही. उलट पूर्ण एकटं वाढणं हीच त्यांच्यासाठी अनैसर्गिक अवस्था आहे. म्हणून आपण एकटे विरुद्ध गर्दी असं न करता थोडे विरुद्ध पुष्कळ अशी तुलना करणार आहोत.

अंडी आणताना

जोराच्या पावसानंतरच्या सकाळी जा. रात्री घातलेली अंडी तेव्हा ताजी असतात आणि अंधारात पाण्याकाठी फिरण्याची गरज पडत नाही. बांधावरच्या गवतात घोणस, मण्यार असू शकतात. गमबूट घाला, मुलं मोठ्या माणसासोबतच काठावर येतील, आणि ढग गडगडत असतील तर बेत सरळ उद्यावर ढकला. विदर्भात पावसाळ्याच्या तोंडावर विजा पडून दरवर्षी शेतात माणसं दगावतात.

फवारणी झालेल्या धानाच्या किंवा कपाशीच्या शेताजवळचं पाणी टाळा. कीटकनाशकाचा अंश पाण्यात असेल तर पिल्लांचं वागणं त्यानेच बदलेल आणि तुमचा निकाल निकामी होईल. गावाबाहेरची बोडी, जुन्या मामा (माजी मालगुजारी) तलावाचा उथळ काठ, शाळेमागचं पावसाचं डबकं, यांपैकी काहीही चालेल.

तीन वेगवेगळ्या माळा शोधा. प्रत्येकीचा वीतभर तुकडा पुरे, बाकीची माळ जागच्या जागी राहू द्या. तीन का, तर एका माळेतली सगळी पिल्लं भावंडं असतात आणि एखाद्या घराण्याचाच स्वभाव तेवढा आपल्या हाती लागायचा. तिन्ही तुकडे वेगवेगळ्या पसरट भांड्यांत, त्याच डबक्याच्या पाण्यात ठेवा. आपल्या उष्णतेत एक-दोन दिवसांत पिल्लं बाहेर येतात, आधी भांड्याच्या कडेला चिकटून लोंबत राहतात आणि आणखी काही दिवसांनी पोहून खायला लागतात. बेडूकमाशांच्या वाढीच्या अवस्थांना क्रमांक देणाऱ्या, संशोधक गॉस्नर यांच्या १९६० सालच्या तक्त्याप्रमाणे ही २५वी अवस्था. प्रयोगाचा पहिला दिवस तोच. त्याआधी गर्दी करून उपयोग नाही, कारण खाणंच सुरू झालेलं नसतं.

टब मांडणे

आठ टब घ्या, सगळे एकाच आकाराचे, एकाच रंगाचे. उभट बादली चालणार नाही. भेकाच्या पिल्लांना रूपांतर होईपर्यंत फुप्फुसं नसतात, ती इतर बेडूकमाशांसारखी वर येऊन हवा गिळू शकत नाहीत. पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवरच त्यांची सगळी भिस्त, म्हणून पाणी उथळ आणि पसरट हवं. रुंद घमेल्याच्या आकाराचा, पाच लिटर पाणी चार-पाच बोटं उंचीवर राहील असा टब उत्तम.

चार टबांत प्रत्येकी ५ पिल्लं, उरलेल्या चारांत प्रत्येकी २५. म्हणजे एका लिटरला एक आणि एका लिटरला पाच. तिन्ही माळांची पिल्लं प्रत्येक टबात शक्य तितक्या सारख्या प्रमाणात वाटा. मोठी मोठी उचलून एकीकडे आणि बारकी दुसरीकडे असं नकळत होतं, त्यामुळे चमच्याने येईल ते पिल्लू उचलायचं आणि कोणत्या टबात जाईल हे चिठ्ठी काढून ठरवायचं. आठ टब कुठे ठेवायचे तेही चिठ्ठीनेच, आणि दर दोन दिवसांनी जागा बदलायच्या. खिडकीजवळचा टब दुपारी जास्त तापतो, आणि तापमान थोडं जरी वाढलं तरी या थंड रक्ताच्या जिवांची हालचाल लगेच वाढते.

टब सावलीत, व्हरांड्यात ठेवा. रोज सकाळी आणि दुपारी पाण्याचं तापमान लिहा. वर मच्छरदाणीचं कापड ताणून बांधा: पिल्लांचं कावळ्यांपासून रक्षण होतं आणि पाण्यात डासही अंडी घालत नाहीत.

पाण्याबद्दल जरा जास्त सांगतो, कारण प्रयोग बहुतेक इथेच फसतात. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते उघड्या भांड्यात एक दिवस ठेवूनच वापरा. साठवलेलं पावसाचं पाणी सर्वांत चांगलं, त्याखालोखाल विहिरीचं. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यात मात्र बोअरचं पाणी वापरू नका. तिथलं भूजल खारट आहे आणि बेडूकमाशांची कातडी क्षारांपुढे टिकत नाही. एकदा ठरवलेलं पाणी शेवटपर्यंत तेच ठेवायचं.

दुसरी अडचण विष्ठेची. २५ पिल्लांच्या टबात अमोनिया पाचांच्या टबापेक्षा भराभर साठतो. मग गर्दीतली पिल्लं सुस्त दिसली तर ती गर्दीमुळे की घाण पाण्यामुळे, हे सांगता येणार नाही. म्हणून दर दुसऱ्या दिवशी आठही टबांचं सगळं पाणी बदला. पाचवाल्या टबातलं पाणी कितीही स्वच्छ दिसलं तरी बदला. पाणी बदलताना पिल्लांना होणारी धावपळही दोन्हीकडे सारखी असली पाहिजे.

खाणं: स्पर्धा नेमकी कशाची

पालक उकडा, पिळा, गोळा करा. मसाला नाही, मीठ नाही. आता ठरवायचं की दोन्ही प्रकारच्या टबांत सारखाच गोळा घालायचा, की माणशी सारखा. हा बारकावा पुष्कळ प्रयोगांत सुटतो. टबाला सारखा गोळा घातला तर २५ जणांत प्रत्येकाच्या वाट्याला पाचवा हिस्सा येतो, म्हणजे खाण्याची खरी चढाओढ. माणशी सारखा घातला तर पोट सगळ्यांचं भरतं, फक्त अंगाला अंग लागण्याची दाटी तेवढी उरते. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्हींचे परिणाम वेगळे निघू शकतात.

पहिल्या वर्षी टबाला सारखं खाणं घ्या. मोजमाप असं ठेवा की पाचांच्या टबात दुसऱ्या सकाळी थोडं उरावं आणि पंचविसांच्या टबात काही उरू नये. उरलेलं काढून टाका, नाहीतर पाणी आंबतं. दुसऱ्या वर्षी माणशी खाण्याचे चार टब वाढवले की भूक आणि दाटी वेगळी करता येईल.

या पद्धतीने दोन आठवडे वाढवा. दरम्यान एखादं पिल्लू मेलं तर लगेच काढा आणि तारखेनिशी लिहा. एखाद्या टबात एकापाठोपाठ एक मरू लागली तर त्याचं पाणी त्याच तासाला बदला. तरी थांबलं नाही तर तो टब प्रयोगातून काढा.

प्रत्येकाला ओळख देणे

बेडूकमाशाला खूण करता येत नाही, करूही नये. म्हणून दोन आठवडे झाल्यावर प्रत्येक टबातून चिठ्ठीने ५ पिल्लं निवडा आणि एक लिटर पाण्याच्या वेगवेगळ्या बरण्यांत ठेवा. कापलेल्या पाण्याच्या बाटल्याही चालतात. एकूण ४० बरण्या होतील. इथून पुढे सर्वांचं खाणं, पाणी, जागा अगदी एकसारखी, आणि पालक सगळ्यांना पोटभर. आता जो फरक दिसेल तो आजच्या परिस्थितीचा नसेल, मागच्या दोन आठवड्यांनी मागे ठेवलेला असेल. गर्दीचा ठसा गर्दी संपल्यावर किती उरतो, हेच तर पाहायचं आहे.

बरण्यांवर १ ते ४० आकडे टाका, पण क्रमाने नाही. कोणता आकडा कोणत्या टबाचा, ही यादी एकाच मुलाने किंवा बाईंनी लिहून कपाटात ठेवावी. मोजणाऱ्याला पिल्लू गर्दीतलं की मोकळ्यातलं हे कळता कामा नये. आपल्याला जे दिसावंसं वाटतं तेच डोळे पाहतात, आणि हे मुलांपेक्षा मोठ्यांच्या बाबतीत जास्त खरं आहे.

बरणीत एक दिवस स्थिरावू द्या. मागचे पाय फुटून बोटं स्पष्ट दिसत असतील तर ते पिल्लू बदला. रूपांतर जवळ आलं की पोहणं आणि खाणं दोन्ही बदलतं. प्रत्येकाची लांबी पारदर्शक डबीखाली आलेखाचा कागद ठेवून मोजा. मोकळ्यातली पिल्लं बहुधा मोठी निघतील, आणि मोठं पिल्लू एका झटक्यात जास्त अंतर कापतं. लांबी लिहिली नसेल तर नंतर आकार आणि स्वभाव वेगळे करता येत नाहीत.

चाचण्या

सपाट तळाचा पारदर्शक डबा घ्या. खाली दोन-दोन सेंटीमीटरच्या चौकटी आखलेला पांढरा कागद. स्टीलची थाळी नको, तिच्यात प्रतिबिंब चमकतं. पाणी दोन बोटं. मोबाईल वरून सरळ खाली पाहील असा स्टुलाला बांधा.

पहिली चाचणी हालचालीची. पिल्लू हलक्या हाताने चमच्याने सोडा, दोन मिनिटं काहीच करू नका, मग तीन मिनिटं चित्रण. नंतर चित्रण पाहून त्याने किती रेषा ओलांडल्या ते मोजा.

लगेच दुसरी, धीटपणाची. मऊ ब्रशने शेपटीच्या टोकाला एकदा स्पर्श करा. पिल्लू सुळकन पळेल आणि थांबेल. ते थांबल्यापासून पुन्हा स्वतःहून हलेपर्यंत किती सेकंद लागले ते लिहा. पाच मिनिटं झाली तरी हललं नाही तर ३०० लिहून थांबा. ही चाचणी मुलांना फार आवडते आणि संयमाची परीक्षाही हीच घेते. सगळे श्वास रोखून डब्याभोवती वाकलेले असतात, तळाशी पिल्लू शेपटी किंचित वाकवून पडलेलं, तोंडाजवळचा पालकाचा कणसुद्धा न हललेला. घड्याळावरची मुलगी शेवटी कुजबुजते, "सर, हा हालतच नाही जी!" अशा वेळी कोणी टेबलाला धक्का दिला तर ती नोंद बाद करा. त्या पिल्लाला बरणीत परत ठेवून सर्वांच्या शेवटी पुन्हा घ्या, आणि वहीत तसं लिहा.

प्रत्येक पिल्लानंतर डब्यातलं पाणी बदला. भेकाच्या पिल्लाच्या कातडीला इजा झाली तर पाण्यात धोक्याचा इशारा देणारी रसायनं मिसळतात आणि पुढचं पिल्लू त्याने दबकतं. पाणी बदलायचा कंटाळा केलात तर तुम्ही चौथ्या पिल्लाचा स्वभाव नाही, तिसऱ्याची भीती मोजत असाल.

हे सगळं एक दिवसाआड तीन वेळा करायचं. वेळ तीच, सकाळी ८ ते ११. पिल्लांचा क्रम दरवेळी चिठ्ठीने नवा. ४० पिल्लं एका सकाळी व्हायची तर चार डबे आणि चार गट लागतील. मग कोणतं पिल्लू कोणत्या डब्यात जाईल तेही दरवेळी बदलतं ठेवा.

आकडे वाचणे

कपाटातली यादी आता बाहेर काढा. आधी कागदावरच पाहा, संगणक नंतर.

समजा ७ क्रमांकाच्या पिल्लाने तीन दिवशी ४१, ३८, ४४ रेषा ओलांडल्या. १२ क्रमांकाने १२, १५, ९. आणि ३० क्रमांकाने ३०, ५, २२. सातवा चपळ, बारावा मंद, आणि दोघंही आपापल्या जागी ठाम. तिसाव्याचं मात्र काही खरं नाही. आता दोन्ही गटांत सातव्या-बाराव्यासारखे किती आणि तिसाव्यासारखे किती, हे बघा. गर्दीतल्या गटात ठाम पिल्लं जास्त निघाली तर स्पर्धेने स्वभाव पक्का केला असं म्हणायला आधार मिळतो. कमी निघाली तर स्पर्धेने तो पुसला. दोन्ही शक्य आहे. भुकेने काहींना धाडसी आणि काहींना दबलेलं केलं तर फरक रुंदावतील. उलट भुकेपोटी सगळ्यांनाच सतत चरावं लागलं तर फरक मिटतील. म्हणून मुलांना उत्तर आधी सांगू नका. मला स्वतःला दुसरी शक्यताही तितकीच खरी वाटते.

तिसऱ्या दिवशी सगळ्यांचीच हालचाल घटलेली दिसली तर घाबरू नका, पिल्लं डब्याला सरावतात. त्यासाठी प्रत्येक दिवशीच्या आकड्यांना गटातला क्रमांक द्या आणि क्रमांकांची तुलना करा. पहिल्या दिवशी दुसरा आलेला तिसऱ्या दिवशीही वरच्या पाचांत आहे का?

संगणक असेल तर सातत्य एका आकड्यात मांडता येतं. एक्सेलमध्ये एका गटाचे आकडे घ्या, प्रत्येक पिल्लू एक रकाना, आणि सिंगल फॅक्टर अनोव्हा (एकूण फरकातला किती पिल्लापिल्लांतला आणि किती एकाच पिल्लाच्या आतला, हे वेगळं करणारा हिशेब) चालवा. त्यातून दोन आकडे मिळतात: पिल्लापिल्लांतला सरासरी वर्ग आणि एकाच पिल्लाच्या आतला सरासरी वर्ग (तक्त्यातल्या MS या रकान्यातले आकडे). पहिल्यातून दुसरा वजा करा. आलेल्या उत्तराला, पहिला अधिक दुसऱ्याची दुप्पट, याने भागा (दुप्पट यासाठी की मोजणी तीनदा झाली, तीनातून एक वजा). पहिला ९० आणि दुसरा ३० असेल तर ६० भागिले १५०, म्हणजे ०.४. शून्याजवळचा आकडा म्हणजे स्वभाव नाहीच, एकाजवळचा म्हणजे दगडावरची रेघ. प्राण्यांच्या वागण्यावरचे शेकडो आकडे एकत्र करून २००९ साली काढलेली सरासरी ०.३७ होती, त्यामुळे ०.४ आला तर निराश व्हायचं कारण नाही. रेषांचा आणि सेकंदांचा हिशेब वेगवेगळा करा, आणि दोन्ही गटांचा वेगवेगळा.

गटांच्या सरासरीची तुलना करताना एक पथ्य पाळा. एका टबातली पाच पिल्लं एकाच पाण्यात, एकाच खाण्यावर वाढली, ती पाच स्वतंत्र पुरावे नव्हेत. प्रत्येक टबाची एक सरासरी काढा आणि चार विरुद्ध चार अशी तुलना करा. एकाच टबामुळे गट वर गेलेला दिसला तर तो गर्दीचा परिणाम नाही, त्या टबाचं काहीतरी आहे. लांबीच्या बाबतीतही तसंच: दोन्ही गटांतून सारख्या लांबीच्या जोड्या लावून पाहा, फरक तरीही टिकतो का.

परत सोडणे

चाचण्या संपल्या की सगळी पिल्लं, बरण्यांतली आणि टबांतली, ज्या डबक्यातून अंडी आणली त्याच डबक्यात संध्याकाळी सोडा. दुसऱ्या तलावात नाही. एका पाण्यातले रोग दुसऱ्या पाण्यात नेण्याचा हा सर्वांत सोपा मार्ग आहे, आणि कातडीवरच्या कायट्रिड बुरशीने जगात बेडकांच्या कितीतरी जाती संपवल्या आहेत. टब, चमचे, जाळी धुऊन कडक उन्हात वाळवा, हात साबणाने धुवा. मोठ्या भेकाला हात लागला असेल तर डोळ्यांना लावू नका, त्याच्या कानामागच्या ग्रंथींतलं विष झोंबतं.

डबकं आटलं असेल तर मात्र पिल्लं शाळेतच वाढवावी लागतील. अंडी ते छोटा भेक हा प्रवास साधारण महिना-दीड महिन्याचा. पुढचे पाय फुटताच टब तिरपा करा आणि एका बाजूला ओला दगड ठेवा. या काळात शेपटी विरघळून अंगात जिरते, पिल्लू खात नाही, आणि चढायला जागा नसेल तर बुडून मरतं. बाहेर आलेले नखाएवढे भेक त्याच डबक्याच्या काठावरच्या ओल्या गवतात सोडा.

पुढच्या वर्षासाठी

हंगेरीतल्या निकालाकडे आपल्या डबक्यातून जायचं असेल तर शिकारी जोडा. बोडीच्या चिखलात चतुराच्या अळ्या मिळतात. एक अळी वेगळ्या बरणीत ठेवा आणि तिच्या बरणीतलं कपभर पाणी दर दुसऱ्या दिवशी अर्ध्या टबांत घाला; उरलेल्या टबांत तेवढंच साधं पाणी. अळीला पिल्लांच्या टबात कधीच सोडायचं नाही, वास पुरेसा असतो. थोडे आणि पुष्कळ, वास आणि वास नाही, असे चार प्रकार होतात आणि टब सोळा लागतात. त्यामुळे दोन शाळांनी मिळून करणं बरं. तेव्हा दोन्ही शाळांत पाणी, पालक आणि मोजण्याची वेळ एकच ठेवा, आणि चारही प्रकारचे टब दोन्हीकडे असू द्या.